केदारनाथाची वाट

केदारनाथाचे नाव माहीत नाही असे माणूस आपल्याकडच्या खेड्यांत शोधून सापडायचे नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर ही लिंगे आपल्या जवळची. सकाळच्या एस.टी.ने जावे, दर्शन घ्यावे, रात्री घरी भाकरी खायला यावे. केदारनाथाचे तसे नाही. बारा लिंगांत हा देव सगळ्यांत उंचावर बसला आहे. तो हिमालयात आहे. उत्तराखंड राज्यात, रुद्रप्रयाग जिल्ह्यात. जन्मात एकदा जायचे म्हणून माणसे वर्षानुवर्षे पैसा गाठीला बांधतात.

२०१९ सालच्या सप्टेंबर अखेरीस आमच्या गावची अकरा माणसे तेथे गेली. त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. देवळाची माहिती या पाठात सांगूच. पण वाटेची अधिक सांगू. देऊळ आपल्या जागी शेकडो वर्षे उभे आहे. माणसाचे चुकते ते वाटेवर.

आधी उंची समजून घेऊ. आपल्या महाराष्ट्रात सगळ्यांत उंच शिखर कळसूबाईचे. ते समुद्रापासून १,६४६ मीटर उंच आहे. केदारनाथाचे देऊळ ३,५८३ मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच! आणि हे शिखर नव्हे बरं का, ही दरी आहे. देवळाच्या मागे बर्फाची शिखरे आहेत, ती याहून कितीतरी उंच. देवळाच्या अंगणात उभे राहून वर पाहिले की टोपी पडते.

"गुरुजी, देव इतक्या उंचावर जाऊन का बसला हो?" आमच्यातल्या काकूंनी गाडीत विचारले.

याची गोष्ट सांगतात ती अशी. भारतीय युद्धात पांडवांच्या हातून आपलेच भाऊबंद मारले गेले. ते पाप धुवायला पांडव शंकराला शोधीत हिमालयात आले. शंकर त्यांच्यावर रागावलेला. त्याने बैलाचे रूप घेतले आणि तो गुरांच्या कळपात मिसळला. भीमाने त्याला ओळखले. बैल जमिनीत शिरू लागला तेव्हा भीमाने त्याचे वशिंड घट्ट धरले. ते वशिंड तेथे राहिले, तेच केदारनाथ. बाकीचे अवयव तुंगनाथ, रुद्रनाथ, मध्यमहेश्वर आणि कल्पेश्वर येथे प्रकटले. या पाचांना पंचकेदार म्हणतात. केदारनाथाचे लिंग आपल्याकडच्या लिंगासारखे गोल नाही. तो वशिंडाच्या आकाराचा निमुळता खडक आहे.

काकू म्हणाल्या, "म्हणजे भाऊबंदकीचं पाप धुवायला एवढं चढावं लागतं तर!" गाडीतली सारी मंडळी हसली. दोघेचौघे मात्र हसले नाहीत. त्यांचे बांधाचे खटले तालुक्याला चालू होते.

हरिद्वारपर्यंत आगगाडी. तेथून पुढे मोटारीचा रस्ता. ऋषीकेश सोडले की डोंगर सुरू होतात. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल नदी. वाटेत देवप्रयाग लागते. तेथे अलकनंदा आणि भागीरथी या दोन नद्या मिळतात आणि तेथून पुढे तिला गंगा म्हणतात. रुद्रप्रयागला अलकनंदेला मंदाकिनी मिळते. ही मंदाकिनी केदारनाथाच्या मागच्या बर्फातून येते. प्रयाग म्हणजे नद्यांचा संगम. रुद्रप्रयागपासून आपण मंदाकिनीचे बोट धरून वर वर जायचे.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. तिकडे हिंदी चालते. पण हिंदीची अक्षरे आपलीच आहेत. ज्याला मराठी वाचता येते त्याला तिकडची पाटी वाचता येते. शब्द थोडे निराळे, इतकेच. मोड म्हणजे वळण. खतरा म्हणजे धोका. पत्थर म्हणजे दगड. काकू तीन वर्षांपूर्वी आमच्या प्रौढ वर्गात अक्षरे शिकल्या, तेव्हा त्यांचे वय बावन्न होते. त्या खिडकीशी बसून प्रत्येक पाटी मोठ्याने वाचीत होत्या. त्यांचे यजमान, ज्यांना सारे गाव तात्या म्हणते, दोन तासांनी कंटाळून म्हणाले, "अगं, जरा दम घे की."

सोनप्रयागला मोठी गाडी थांबते. तेथून स्थानिक जीपने गौरीकुंड. गौरीकुंडाला गरम पाण्याचा झरा आहे. तेथे मोटारीचा रस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते. ही वाट सुमारे १६ किलोमीटरची आहे. गौरीकुंड साधारण १,९८० मीटरवर आहे. तेथून एका दिवसात १,६०० मीटर चढायचे. समुद्रकाठावरून निघून त्याच दिवशी कळसूबाईच्या माथ्यावर पोचावे, तसे हे झाले.

पायी जमत नसेल तर घोडा किंवा खेचर मिळते. पालखीसारखी डोली असते, ती चौघे उचलतात. पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारे लोकही आहेत. त्या टोपलीला कंडी म्हणतात. पैसे नेहमी सरकारी खिडकीवर भरावेत आणि पावती घ्यावी. पावतीवरचा आकडा आपण वाचावा. दुसऱ्याने वाचून दाखवला तर तो बदलू शकतो. खेचरांविषयी काय सांगावे? अंगावर वळ उठलेली, दमलेली जनावरे दिवसातून दोन दोन खेपा करताना आम्ही पाहिली. आपण शेतकरी माणसे. बैल किती ओढतो आणि कधी थांबवायचा हे आपल्याला कळते. दमलेल्या जनावरावर बसू नये. आणि पायी चालणाऱ्याने नेहमी डोंगराच्या अंगाने चालावे, दरीच्या अंगाने नाही. घोड्याचा धक्का लागला तर सावरायला जागा राहते.

वाट भीमबलीपर्यंत बरी आहे. पुढे रामबाडा. तेथे पूर्वी दुकाने, धर्मशाळा, चहाची घरे होती. आता काही नाही. ते का नाही, हे पुढे येईल. रामबाड्याला पुलावरून मंदाकिनी ओलांडायची आणि पलीकडच्या अंगाने चढायचे. हा चढ उभा आहे. पुढे लिंचोली.

लिंचोलीच्या अलीकडे तात्या एका दगडावर बसले ते उठेनात.

तात्या अडुसष्ट वर्षांचे. हातात नांगर धरलेला गडी. गावात त्यांच्याइतके चालणारे कोणी नाही. पण सकाळपासून त्यांचे डोके दुखत होते. ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. मग त्यांना उलटी झाली. पाय डगमगू लागले. आम्ही म्हटले, उपाशी चाललेत, पित्त झाले असेल. कोणी लिंबू काढले, कोणी आले. काकू मात्र दहा पावले पुढे गेल्या. तेथे दवाखान्याची छोटी खोली होती आणि भिंतीवर पाटी होती. त्या ती अक्षर अक्षर लावून वाचू लागल्या. डोके दुखणे, उलटी होणे, चक्कर येणे, दम लागणे. असे झाले तर आणखी वर चढू नका. खाली उतरा.

त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे पित्त नाही. पाटीवर तुमचंच लिहिलंय."

डॉक्टरांनी तपासले आणि तेच सांगितले. याला उंचीचा आजार म्हणतात. तो का होतो? आपण जसजसे वर जातो तसतशी हवा विरळ होते. केदारनाथाला आपण एक श्वास घेतला तर समुद्रकाठच्या श्वासात असतो त्याच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी प्राणवायू मिळतो. फुप्फुसे तीच, छाती तीच, पण आत जाणारा माल कमी. तेथे पाणीसुद्धा लवकर उकळते, ८८ अंशांच्या आसपास. म्हणून डाळ शिजता शिजत नाही. शरीराला या हवेची सवय व्हायला वेळ लागतो. हळूहळू, मुक्काम करीत चढले तर सवय होते. घाईने चढले तर डोके धरते. तो आजार तरण्याबांड गड्यालाही होतो आणि म्हातारीला होतही नाही. दांडगेपणाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि तो झाल्यावर तसेच चढत राहिले तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून माणूस दगावतो. त्याला खरे औषध एकच, खाली उतरणे.

तात्या ऐकेनात. "देवाच्या दारात येऊन परत फिरू? लोक काय म्हणतील? मरण आलं तर येऊ दे, काशीहून बरं." असे बोलणारे अनेक आहेत. या वाटेवर दर वर्षी माणसे मरतात, त्यांतली कित्येक अशीच हट्टाने वर गेलेली असतात. आम्ही त्यांना सांगितले, मरण आलेच तर ते तुम्हाला एकट्याला येणार नाही. खांद्यावर घेऊन उतरणाऱ्या चौघांचाही जीव टांगणीला लागेल.

मग ते काकूंना म्हणाले, "तू तरी वर जा. दर्शन घेऊन ये. मी बसतो इथं."

"मी एकटी वर जाऊन देवाला काय सांगू? चला," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी त्यांच्या हाताखाली हात घातला.

एक खेचर केले, एक तरणा मुलगा सोबत दिला आणि दोघे उतरले. रात्री निरोप आला की गौरीकुंडाला पोचेपर्यंत डोके उतरले, तात्यांनी पेज घेतली.

आम्ही बाकीचे संध्याकाळी वर पोचलो. देऊळ करड्या दगडाचे आहे. मोठमोठे पाषाण तासून एकावर एक बसवले आहेत. खाली उंच चौथरा. दार दक्षिणेकडे. दारासमोर नंदी. आत आधी सभामंडप, तेथे पाचही पांडवांच्या आणि द्रौपदीच्या मूर्ती. मग गाभारा. लिंगाला तूप लावण्याची रीत आहे. मूळ देऊळ पांडवांनी बांधले आणि आद्य शंकराचार्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला असे सांगतात. शंकराचार्यांनी येथेच देह ठेवला अशीही परंपरा आहे. येथील मुख्य गुरूंना रावळ म्हणतात. ते वीरशैव परंपरेतले, दक्षिणेकडचे असतात. इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली होती. हिमालयाच्या कुशीतल्या देवाला कुठून कुठून माणसे जोडली गेली आहेत पाहा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही देवळाच्या मागे गेलो. तेथे खोलीएवढा एक धोंडा आहे. त्याला लोक भीमशिला म्हणतात. त्यालाही हळदकुंकू वाहतात. या धोंड्याची हकीकत फार जुनी नाही. ती २०१३ सालची आहे.

देवळाच्या वर, उत्तरेला, चोराबारी नावाची हिमनदी आहे. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. ती फार सावकाश सरकते आणि सरकताना दगड, गोटे, माती पुढे ढकलते. त्या ढिगाऱ्याचा बांध होतो. त्या बांधाआड पाणी साचून एक तळे झाले होते. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थी तेथे विसर्जित केल्या, म्हणून त्याला गांधी सरोवरही म्हणत. तळे साधारण ४०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद होते. त्याला सांडवा नव्हता. पाणी बुडातून झिरपून जाई. आपल्या पाझर तलावासारखेच समजा. फरक एवढाच की हा बांध कोणी इंजिनियरने घातलेला नव्हता. तो सुटा दगड आणि माती होता.

त्या वर्षी पावसाळा लवकर आला. एरवी साऱ्या देशभर पाऊस पसरायला जुलैचा मध्य उजाडे. त्या वर्षी १६ जूनलाच तो सगळीकडे पोचला. चोराबारीजवळ चोवीस तासांत बारा इंचांहून अधिक पाऊस झाला. त्यात डोंगरावरचे बर्फही वितळले. १६ जूनच्या संध्याकाळी पहिला लोंढा आला. त्याने बरीच घरे नेली. रात्रभर पाऊस थांबला नाही. १७ जूनच्या सकाळी सातच्या सुमारास तळ्याचा बांध फुटला. एवढे मोठे तळे काही मिनिटांत रिकामे झाले. पाणी, चिखल आणि धोंडे मिळून खाली आले. केदारनाथची वस्ती, रामबाडा, गौरीकुंडाचा भाग, सोनप्रयागचा बाजार, सगळीकडे हाहाकार झाला. साऱ्या राज्यात मिळून पाच हजारांहून अधिक माणसे गेली. कित्येकांची प्रेतेही मिळाली नाहीत. महाराष्ट्रातले यात्रेकरूही त्यांत होते.

देऊळ मात्र उभे राहिले. लोंढ्याबरोबर घरंगळत आलेला तो धोंडा बरोबर देवळाच्या मागे येऊन थांबला. पाणी त्याच्यावर आपटून दोन्ही बाजूंना फुटले. देवळात शिरलेल्या काही माणसांचे प्राण वाचले.

देवानेच धोंडा पाठवला असे लोक म्हणतात. श्रद्धेला आम्ही हात लावीत नाही. पण धोंडा देवळामागे थांबला, माणसांमागे थांबला नाही, हेही डोळ्यांआड करता येत नाही. शोध घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती शेतकऱ्याला पटकन कळेल. मंदाकिनीची एक जुनी धार देवळाच्या पूर्वेकडून वाहत असे. पुढे नदीने ती सोडली. पात्र कोरडे पडले. जागा सपाट, देवळाजवळची, दुकानाला आणि लॉजला सोयीची. लोकांनी तेथे इमारती बांधल्या. त्या दिवशी नदी आपल्या जुन्या पात्राने परत आली. ओढ्याच्या कोरड्या पात्रात वावर वाढवणारा शेतकरी आपल्याही गावात आहे. दहा वर्षे पीक निघते, अकराव्या वर्षी ओढा बांध, पीक, मोटार सगळे घेऊन जातो. ज्यांनी मूळ देऊळ बांधले त्यांनी जाड दगड घेतला, उंच चौथरा घेतला आणि दोन प्रवाहांच्या मधली जागा धरली. त्यांना नदीची भीती होती.

देवळात चिखल आणि धोंडे शिरले होते. ते काढून ११ सप्टेंबर २०१३ रोजी पूजा पुन्हा सुरू झाली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात यात्रा सुरू झाली. वस्तीच्या मागे आता भिंती बांधल्या आहेत. वाट बदलली, म्हणून पूर्वी १४ किलोमीटर होती ती आता १६ झाली. २०१९ साली दहा लाखांवर माणसे दर्शनाला आली. २०२३ साली तर एकोणीस लाखांच्या वर. त्या चिंचोळ्या दरीत एवढी माणसे! भिंती झाल्या म्हणून डोंगर काही बदलला नाही. ३१ जुलै २०२४ च्या रात्री जोराचा पाऊस झाला, पायवाट जागोजाग तुटली आणि हजारो यात्रेकरू अडकले. त्यांना सैन्य आणि पोलीस यांनी बाहेर काढले. म्हणून आम्ही सांगतो, आषाढ-श्रावणात तिकडे जाऊ नये. मे महिना किंवा दसऱ्याच्या आगेमागे जावे.

ज्यांना जायचे आहे त्यांनी इतके करावे. आधी सरकारी नोंदणी करावी. ती सक्तीची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. दम्याचा, काळजाचा, रक्तदाबाचा आजार असेल तर आपल्या डॉक्टरला विचारूनच निघावे. लोकरीचे कपडे आणि पावसाची घोंगडी बरोबर घ्यावी. गुप्तकाशीला एक रात्र काढावी, गौरीकुंडाला एक. जमले तर चढही दोन दिवसांत करावा. पोटभर पाणी प्यावे. बिडी आणि दारू घरी ठेवून यावी. हेलिकॉप्टरने जाणाऱ्याने तर अधिक जपावे, कारण तो काही मिनिटांत वर पोचतो आणि शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोके दुखले तर लपवू नये. सोबतच्यांना सांगावे.

परतताना आम्ही तात्या आणि काकूंना घेतले आणि उखीमठाला गेलो. हे गाव साधारण १,३०० मीटरवर आहे. मोटार थेट गावापर्यंत जाते. येथे ओंकारेश्वराचे जुने देऊळ आहे. हिवाळ्यात केदारनाथ बर्फात बुडतो. म्हणून भाऊबीजेच्या दिवशी वरच्या देवळाची दारे बंद करतात. देवाची उत्सवमूर्ती पालखीत बसवतात. पालखी वाटेत मुक्काम करीत तिसऱ्या दिवशी उखीमठाला येते. पुढचे सहा महिने केदारनाथाची पूजा येथेच होते. वर दारे कधी उघडायची तो दिवसही महाशिवरात्रीला येथेच ठरतो. साधारण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास देव पुन्हा वर जातो.

हे पुजाऱ्याने सांगितले तेव्हा तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे देवसुद्धा थंडीत खाली उतरतो?"

"उतरतो," पुजारी म्हणाला.

तात्यांनी बोटांवर महिने मोजले. ज्वारीची काढणी, हरभरा, मग महाशिवरात्र.

२०२० च्या फेब्रुवारीत तात्या आणि काकू पुन्हा उखीमठाला गेले. या खेपेला आम्ही बरोबर नव्हतो, दुसरे कोणीही नव्हते. दोघेच गेले. आगगाडीच्या तिकिटावरचा डबा आणि जागेचा आकडा काकूंनीच वाचला. हरिद्वारला कोणती बस रुद्रप्रयागला जाते तेही त्यांनीच पाटीवर पाहिले. महाशिवरात्रीला दोघे तेथे होते.